एक्याऐंशीस ऐंशी

कुस्तोदियो मेस्ताचे पत्र मला १९५६ च्या जून महिन्यात खारेपाटणला मिळाले आणि मी त्याला उत्तर दिले नाही. पत्र लहान होते. वहीचे एक पान, पेन्सिलीने लिहिलेले, चौथीपर्यंत शाळा शिकलेल्या माणसाचे मोठे सुटे अक्षर. हरवले म्हणावे तर ते माझ्या ट्रंकेत होते, आणि विसरलो म्हणावे तर मला ते पाठ होते.

"मास्तर, पेटी बरी वाजता. पण खुरसाच्या फेस्ताक लदीन झाली तेव्हा येक गजाल झाली. दर फेरयेक सा खाली जाता. खाली जावक दिलो तर फुडच्या फेरयेक उडी मारून वर येवचा लागता. मधीच सावरूक गेलो तर बायलांचो सूर तुटता. लोक हसले. त्याचा काय नाय. माका येकच सांगा. माझो कान गेलो, की हिशोब चुकलो? कान गेलो आसलो तर मी आजपासून सुराक हात लावूचंय नाय. तुमी सांगशात तां खरा."

खाली सही. सहीखाली त्याने पेटीच्या पट्ट्यांचे छोटे चित्र काढले होते आणि सा च्या पट्टीवर फुली मारली होती.

मी गणिताचा शिक्षक. गाणे शिकलेलो नाही. मला गळा नाही, आणि हात पेटीवर ठेवला तर बोटे एकमेकांची वाट अडवतात. पण वाचायची सवय लहानपणापासूनची. मिठबावच्या आमच्या घरी आणि नंतर शाळेच्या ग्रंथालयात जे हाती पडेल ते वाचत गेलो. त्यात श्रुतींवरची दोन-तीन पुस्तके होती. सुरांचे नाते अपूर्णांकांत सांगता येते, सा आणि प यांचे दोनास तीन, सा आणि ग यांचे चारास पाच, हे वाचल्यावर मला जो आनंद झाला तो कोणाला सांगावा असे माणूस माझ्या ओळखीत नव्हते. पत्नी नर्मदा लग्नानंतर सहाव्या वर्षी गेली होती. शाळेतले सहकारी चांगले होते, पण अपूर्णांकाचा आनंद ऐकून घेईल असा त्यांच्यात कोणी नव्हता. मीही कधी विषय काढला नाही.

मग १९५२ साली मालवणच्या शाळेत असताना प्रार्थनेची पेटी बिघडली आणि मुख्याध्यापकांनी ती घेऊन मला कुस्तोदियोकडे पाठवले.

कुस्तोदियो धंद्याने सुतार. दारे, खिडक्या, होडीची वल्ही. पण आसपासच्या गावांतल्या भजनी मंडळांच्या, दशावतारी नाटकवाल्यांच्या, किरिस्तांव वाड्यांतल्या सगळ्या पेट्या त्याच्याच पडवीत दुरुस्तीला येत. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा, हडकुळा, एका कानाच्या मागे पेन्सिल. त्याने आमची पेटी उघडली, आतली एक पितळेची पत्ती काढली, कानशीने तिच्या टोकाशी दोनदा हलकेच घासले आणि परत बसवली. टोकाला घासले की सूर चढतो, मुळाशी घासले की उतरतो, एवढे मला त्याने न विचारता सांगितले. मग त्याने दोन पट्ट्या एकदम दाबल्या.

दोन सूर जवळजवळ जुळलेले असले, पण पुरते नाही, तर त्यांच्यात एक थरथर ऐकू येते. वाव-वाव-वाव अशी. जुळत जातील तशी ती मंदावते आणि पूर्ण जुळले की थांबते. कुस्तोदियो तिला पाणी म्हणे. सूर जुळला की तो म्हणे, "पाणी थांबला."

मी चमकलो. पुस्तकात दोनास तीन म्हणून लिहिले होते ते हेच होते. माझ्या हातात अंक होते, त्याच्या कानात पाणी होते, आणि दोन्ही एकाच जागी थांबत होते. त्या दिवशी मी त्याच्या पडवीत तीन तास बसलो. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर पुन्हा गेलो, आणि मग जातच राहिलो.

त्याच्या वडिलांनी त्याला एक नियम शिकवला होता. सप्तकाचे दोन सा सोडले तर बाकी कुठल्याच जोडीतले पाणी पुरते थांबवायचे नाही. सगळ्यांत थोडे थोडे हलते ठेवायचे. मी त्याला म्हणालो की हीच तर पेटीची खोट आहे. याच खोटेपणासाठी पेटीला रेडिओवर मज्जाव आहे. तंबोऱ्यावर गाणाऱ्याला पेटीचा गंधार टोचतो, तो याच कारणाने. थोडे पाणी सगळ्यांत ठेवायचे म्हणजे एकही सूर खरा नाही.

तो हसला. "म्हणजे बापूस आमचो चाळीस वर्सां खोटाच बोललो म्हणायचा."

मी ओशाळलो. पण मागे हटलो नाही. पुस्तकांचा आधार असला की माझ्यासारख्या माणसालाही जोर चढतो. मी त्याला गणित समजावून सांगितले. अडचण एवढीच होती की एकच रिषभ सगळ्यांशी जुळत नाही. धैवताशी जुळवलेला रिषभ पंचमाशी लावला तर किंचित उतरा लागतो, आणि पंचमाशी जुळवलेला धैवताला चढा होतो. तेव्हा दोन रिषभ ठेवावेत आणि वाजवणाऱ्याने वेळेनुसार हवा तो घ्यावा. सूर वाकेल, पण प्रत्येक जोड शुद्ध राहील.

कुस्तोदियोकडे दुहेरी पत्त्यांची एक जुनी पायपेटी पडून होती. एका पट्टीला दोन पत्त्या. त्याने दुसरी रांग सबंध थोडी उतरी लावायची आणि गुडघ्याने ढकलायच्या दोन दांड्या बसवायच्या असे ठरले. डाव्या गुडघ्याची दांडी फक्त रिषभ उतरवील. उजव्या गुडघ्याची बाकी सगळे. ही दुसरी दांडी कुस्तोदियोची सूचना. लदिनीच्या चालीत रिषभानंतर पंचम येतो, रिषभ उतरला तर पंचमालाही त्याच्यामागे उतरावे लागेल, असे त्याने बोटांनी वाजवून दाखवले.

लदीन म्हणजे वाड्यावरच्या खुरसासमोर, क्रुसासमोर, म्हणतात ती प्रार्थना. एकजण एकेक नाव घेतो आणि बाकी सगळे तेच उत्तर गातात. अशी पन्नासेक उत्तरे. बायका, पुरुष आणि मधला एक आवाज, तीन सूर एकदम. आमच्या भजनात असे नसते. मला ते ऐकायला फार आवडे, पण मी नेहमी रस्त्यावर उभा राहून ऐकत असे.

दांड्यांचे बोलणे चालू असताना कुस्तोदियो थांबला. हातातली पत्ती त्याने फडक्यावर ठेवली.

"मास्तर, रे खाली गेलो. त्याच्या फाटसून प खाली गेलो. मगे सा कोण धरतलो?"

मी म्हणालो, "सा अचल असतो. तो कुठे जात नाही. तुम्ही दांडी सोडलीत की सगळे आपल्या जागी."

"खंय लिवलाहा?"

मी पुस्तकाचे नाव सांगितले. त्याने मान हलवली आणि पत्ती उचलली. तो वाद घालणाऱ्यांतला नव्हता. छापील गोष्टीला त्याच्या मनात मोठा मान होता आणि माझ्या मनात त्याहून मोठा. अचल षड्ज मी इतक्या ठिकाणी वाचला होता की त्याच्यावर विचार करण्यासारखे काही आहे असे मला वाटलेच नाही.

पेटी पुरी व्हायला अडीच वर्षे लागली. कुस्तोदियोने एकेक पत्ती सात-आठ वेळा काढून घासली. पडवीत बसून मी आकडे वाचत असे आणि तो पाणी थांबवत असे. त्या अडीच वर्षांत मी जितके बोललो तितके एरवीच्या साऱ्या आयुष्यात बोललो नसेन. शेवटी त्याने तीन पट्ट्या एकदम दाबून भाता चालवला तेव्हा पडवीत जो सूर उभा राहिला त्यात थरथर नावाला नव्हती. कुस्तोदियो बराच वेळ पट्ट्यांवरून बोटे उचलेना. बहीण पिएदाद आतून बघायला आली, की हा असा एकच सूर का वाजवत बसलाय.

जून १९५५ मध्ये माझी खारेपाटणला बदली झाली. जाण्यापूर्वी मी पुण्याच्या एका संगीतविषयक मासिकाला लेख पाठवला. त्यात मी लिहिले की या रचनेने कोणतीही सुरावट आद्यंत शुद्ध वाजवता येते. पेटी कोणी बांधली त्याबद्दल "एका स्थानिक कारागिराच्या साहाय्याने" एवढेच लिहिले. नाव का घातले नाही याचे उत्तर मला अजून देता येत नाही. संपादकांना ते नाव विचित्र वाटेल, असा काहीतरी विचार तेव्हा डोक्यात असावा. लेख पुढच्या वर्षी मे महिन्याच्या अंकात छापून आला. सांगलीच्या एका वाचकाचे कौतुकाचे कार्डही आले. ते कार्ड मी पुस्तकात खूण म्हणून ठेवले होते.

आणि त्याच मे महिन्यात मालवणात खुरसाचे फेस्त, वर्षाचा सण, झाले. कुस्तोदियोने नवी पेटी पहिल्यांदा लदिनीला नेली. काय झाले ते पत्रात थोडक्यात होते आणि पुढे मला इतरांकडून कळले. दर उत्तराच्या शेवटी सा किंचित खाली आलेला असे आणि पुढचे उत्तर सुरू करताना दांडी सोडली की सगळी पेटी एकदम वर उडी घेई. गाणाऱ्या बायका दर वेळी अडखळत. पाचव्या-सहाव्या उत्तराला मागून कोणीतरी म्हणाले, "पेटयेक उचकी लागली. पाणी पाजा रे तिका." पोरे हसली, मग मोठी माणसे हसली. विसाव्या उत्तराच्या सुमारास कुस्तोदियोने भाता बंद केला, आणि बाकीची लदीन लोकांनी पेटीशिवाय पुरी केली.

पत्र वाचून मी तपासायला घेतलेल्या एका उत्तरपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हिशोब मांडला. सा एक धरला. त्याच्यापासून शुद्ध धैवत, पाच छेद तीन. धैवतापासून खालचा शुद्ध रिषभ, दहा छेद नऊ. रिषभापासून वरचा शुद्ध पंचम, चाळीस छेद सत्तावीस. पंचमापासून खाली परत सा. ऐंशी छेद एक्याऐंशी.

निघालो होतो एकावरून.

मी पुन्हा केले, तेच आले. चार पावले, एकही वाकडे नाही, आणि परत येऊन पोचतो तो भलत्याच दारात. तंबोरा छेडून एकटा गाणाऱ्याच्या मागे सा सतत वाजत असतो, म्हणून तो अचल. माझी सारी पुस्तके त्याच्यासाठी लिहिलेली. खुरसासमोर तंबोरा नसतो. तिथे प्रत्येकजण शेजारच्याच्या सुराला सूर जुळवतो, आणि जितके नीट जुळवतो तितका सगळ्यांचा सा घसरतो. कुस्तोदियोने हे पडवीत विचारले होते. अर्धा तासही लागला नाही मला हा हिशोब करायला. अडीच वर्षांत तो मी एकदाही केला नव्हता.

उत्तर तेव्हाच लिहायला हवे होते. एक ओळ पुरली असती.

पहिल्या दिवशी वाटले, नुसती चूक कळवण्यात काय अर्थ आहे, उपायही कळवावा. तिसरी रांग बसवली तर? मांडून पाहिले. ती फक्त दुसऱ्या उत्तरापर्यंत पुरली असती. मग वाटले, लेख मागे घ्यावा लागेल, संपादकांना लिहावे लागेल, ते आधी करू. संपादकांना लिहायला घेतले तर सांगलीचे कार्ड आठवले. असा पावसाळा गेला. दिवाळीच्या सुट्टीत बसून सविस्तर पत्र लिहिले, नऊ पाने. वाचले तर त्यात कुस्तोदियोला समजेल असे एक वाक्य नव्हते, आणि माझी चूक सातव्या पानावर होती. फाडले. पुढच्या वर्षी लिहायला घेतले तेव्हा उशिराची माफी कशी मागावी इथेच अडलो. उत्तर जितके लांबले तितके माफीचे ओझे वाढत गेले, आणि ते वाढले म्हणून उत्तर आणखी लांबले.

हे सगळे मी स्वतःला समजावत असे. खरे बहुधा याहून साधे होते. माझ्या शब्दावर भरवसा ठेवणारा आयुष्यात एकच माणूस मला मिळाला होता आणि तो भरवसा चुकीचा होता हे मला त्याला कळू द्यायचे नव्हते.

१९५८ च्या श्रावणात खारेपाटणच्या भजनी मंडळाचा सत्यवान माझ्या खोलीवर आला. खांद्यावरची पेटी त्याने ओटीवर आदळली. ती घेऊन तो मालवणला गेला होता, एसटीच्या दोन गाड्या बदलून.

"मास्तर, तुमच्या त्या मेस्ताचा डोक्या फिरलाहा काय?" तो म्हणाला. "पेटी उघडूनय बघूक नाय. म्हणता, माझो कान गेलो, मी सुराक हात लावणय नाय. मी म्हटलंय, अरे बाबा, दोन पत्ते तर घासूचे आसत. तर म्हणता, तुमच्या खारेपाटणाक मास्तर आसत, त्यांच्याकडे घेवन जा. त्यांका सगळा कळता."

त्याने पेटी माझ्यासमोर सरकवली. मी नाही म्हणू शकलो नाही. तो गेल्यावर मी ती उघडली, कानस आणली, एक पत्ती काढली. दोन पट्ट्या दाबल्या आणि कान दिला. पाणी हलत होते हे मला ऐकू येत होते. ते कोणत्या बाजूने थांबवायचे हे मात्र काही केल्या कळेना. तासाभराने पत्तीचे टोक तुटले. सत्यवानाला मी दुसऱ्या दिवशी सांगितले की पत्ती आधीच खराब होती. त्याने ते खरे मानले.

त्या दिवशी मला नक्की कळले की कुस्तोदियोने काय ठरवले आहे आणि का. त्याने उत्तराची वाट पाहिली, ते आले नाही, आणि न आलेल्या उत्तरालाच त्याने उत्तर मानले. तरीही मी लिहिले नाही. याबद्दल सांगण्यासारखे माझ्याकडे काही नाही.

१९६३ मध्ये निवृत्त होऊन मी मिठबावला परतलो. घर होते, पुस्तके होती, चार माड होते. कामाला येणारी विमला सोडली तर महिनोन्महिने कोणाशी बोलण्याची वेळ येत नसे. श्रुतींची पुस्तके मी कपाटाच्या वरच्या फळीवर मागच्या रांगेत ठेवली होती.

गेल्या वर्षी, १९६७ च्या मे महिन्यात, चष्म्याचा नंबर बदलायला मालवणला गेलो. चष्मा दुसऱ्या दिवशी मिळणार होता, म्हणून खानावळीत मुक्काम टाकला. संध्याकाळी फिरत फिरत कधी त्या वाड्याशी आलो ते कळले नाही, असे लिहिणार होतो. ते खोटे आहे. मी मुद्दाम गेलो. फेस्ताचे दिवस होते. खुरसाला अबोलीच्या माळा घातल्या होत्या आणि पंधरा-वीस माणसे लदीन म्हणत होती. पेटी नव्हती. मी सवयीने रस्त्यावर दगडी गडग्याला टेकून उभा राहिलो.

माझा कान काही कुस्तोदियोचा नव्हे. तरी या वेळी मी पहिला सा मनात धरून ठेवला, ओठ मिटून सारखा गुणगुणत. गाणारी माणसे म्हणजे यंत्र नव्हे, ती मधूनच सावरतात. पण उत्तरे पुढे गेली तसा माझा सा आणि त्यांचा सा यांच्यात अंतर पडत गेले. शेवटी शेवटी बायका इतक्या खाली आल्या होत्या की त्यांचे शब्द घशात अडत होते. त्यांच्यातले कोणीही बेसूर नव्हते. प्रत्येक उत्तर आपल्यापुरते सुरेल होते.

संपल्यावर उकडलेले चणे वाटत एक म्हातारी बाई गडग्याशी आली. द्रोण माझ्या हातात देऊन ती माझ्याकडे बघत राहिली. पिएदाद होती. केस पांढरे झाले होते.

"तुमी ते मास्तर मां?" ती म्हणाली. "भायर कित्याक उभे? अजून लाजतास?"

मी काहीतरी पुटपुटलो. ऐकत होतो म्हणालो.

"आयकण्यासारख्या काय आसा आमच्यात? सुरवातीक बायलो, शेवटाक दादले." ती स्वतःच हसली. "पयली कुस्तोदियो शिव्या घाली. खाली जातास, खाली जातास म्हणान आरडा. आता कोण आरडतलो?"

मी कुस्तोदियोबद्दल विचारले. तो शिरोड्याला मुलीकडे, आपोलिनाकडे असतो, असे तिने सांगितले. सात वर्षे झाली. तब्येत ठीक आहे, खिडक्या-दारे अजून करतो. कान कसे आहेत, असे मी विचारले तेव्हा तिने नवलाने पाहिले. कानांना काय झाले? वाटेवर कोण येतो ते आपोलिनाच्या आधी त्याला कळते. पण तो गाणे म्हणत नाही. लदिनीला मागे बसतो, चर्चमध्ये मिसालाही तोंड उघडत नाही. सूर धर म्हटले तर म्हणतो, माका कळणा नाय.

मी चण्यांकडे बघत होतो.

"तुमची लय वाट बघल्यान त्याणी," पिएदाद म्हणाली. "आमी म्हणू, मास्तर इसारले. तर रागान म्हणी, इसरूचे नाय. मास्तर हिशोब करतहत. मोठो हिशोब आसा, येळ लागतलो."

"अजून म्हणतो?"

"नाय. आता बरीच वर्सां झाली, नाव काढणा नाय." तिने पलीकडे कोणाला तरी हाक मारली आणि मग पुन्हा माझ्याकडे वळली. "झालो काय तो हिशोब?"

"झाला," मी म्हणालो.

"मगे लिवा मां त्याका. डोळे बरे आसत त्याचे, वाचता."

मी आपोलिनाच्या नवऱ्याचे नाव आणि वाडी विचारून घेतली. लिहून घ्यायला कागद नव्हता, म्हणून खानावळीपर्यंत पाठ करत गेलो. लिहायला मिठबावला जायचे नाही, एवढे वाटेतच ठरवले. घरी टेबल होते, कागद होते, खोडरबर होते. घरी मी पुन्हा नऊ पाने लिहिली असती.

सकाळी चष्मा घेण्याच्या आधीच टपाल कचेरीत गेलो. खिडकी उघडायची होती. उघडल्यावर एक आंतरदेशीय पत्र घेतले आणि तिथल्याच उंच फळीवर, दोरीने बांधलेल्या टाकाने उभ्या उभ्या लिहिले. चष्मा जुना, त्यामुळे ओळी वाकड्या आल्या. एका ठिकाणी शाई सांडली. कच्चा खर्डा केला नाही, म्हणून काय लिहिले ते शब्दशः सांगता येणार नाही, पण साधारण असे होते:

"कुस्तोदियो मेस्त यांस नमस्कार. तुमचा कान गेलेला नाही. माझा हिशोब चुकला होता. लदिनीच्या प्रत्येक उत्तरात सा खाली जातो, हे खरे आहे आणि ते तुम्हाला बरोबर ऐकू आले. तो एक्याऐंशीस ऐंशी इतका उतरतो. सूर जितके शुद्ध जुळतात तितका उतरतो. सा कोण धरणार, असे तुम्ही पेटी बांधताना विचारले होते. तेव्हा मी पुस्तक पुढे केले. ते पुस्तक तंबोऱ्यावर गाणाऱ्या एकट्या माणसाचे होते. तुमचे वडील सगळ्यांत थोडे पाणी ठेवत, ते लदिनीसाठी बरोबर होते आणि मी त्यांना खोटे म्हटले. हे सगळे मला तुमचे पत्र आले त्याच दिवशी समजले होते. अकरा वर्षे मी लिहिले नाही. त्याला कारण नाही. या गोष्टीवर उपाय माझ्याकडे नाही, आणि तो असता तर मी आधी लिहिले असते असेही म्हणता येत नाही. तुम्ही सुराला हात लावणे सोडलेत ते माझ्यामुळे. काल खुरसाशी लदीन ऐकली. सगळी खाली गेली. पिएदाद म्हणाली, आता आरडायला कोणी नाही."

खाली नाव लिहिले. वाचून पाहावे असे फार वाटले. वाचले असते तर "त्याला कारण नाही" हे वाक्य मी खोडले असते, आणि मग त्याच्या जागी काय लिहायचे या विचारात दुपार झाली असती. घडी घातली, कडांना डिंक लावला. डिंक पातळ होता, म्हणून तळहाताने दाबून धरून उभा राहिलो. माझ्यामागे रांगेत असलेल्या माणसाने झाले का म्हणून विचारले.

पत्ता लिहून मी खिडकीवरच्या कारकुनाला विचारले की शिरोड्याची डाक केव्हा जाते. साडेदहाच्या गाडीने, तो म्हणाला. घड्याळात दहाला पाच मिनिटे कमी होती. मी पत्र त्याच्याच हातात दिले. त्याने पत्त्याकडे बघत त्यावर शिक्का मारला आणि मागच्या थैलीत टाकले.